स्वप्नातली जाग आणि 'नैसर्गिक' गोळी

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

स्वप्न चालू असतानाच 'हे स्वप्न आहे' असे कळते, या विषयावरचा लेख आपल्या रविवारच्या पुरवणीत वाचला. असे घडते, हे मी अनुभवाने सांगते. माझी नोकरी परिचारिकेची. नाइट करून सकाळी घरी झोपले की स्वप्नातही वॉर्डच असे. एकदा सलाइनचे थेंब नळीतून वर बाटलीत चढताना दिसले आणि लख्ख कळले, आपण झोपलोय. गंमत म्हणून ट्यूबलाइटचे बटण दाबले, तर उजेड पडेना. सासूबाईंना सांगितले, तर म्हणाल्या, "झोपेत तरी ड्यूटी सोड गं बाई!" हे नेमके सकाळच्या झोपेतच का, ते पुढे वाचून कळले. अशी स्वप्ने बहुतेक रेम झोपेत, म्हणजे बंद पापण्यांआड डोळे भराभर हलतात त्या झोपेत, पडतात आणि पहाटे-सकाळी तिचाच जोर असतो.

लेखकाने मात्र आत्मा देह सोडून हिंडतो, इथवर मजल मारली आहे. प्रत्यक्ष घडले ते याहून भारी आहे. रेम झोपेत हातपाय लुळे असतात, पण डोळे हलतात. इंग्लंडमधील हल विद्यापीठात संशोधक कीथ हर्न यांनी १९७५ साली याचाच उपयोग केला. प्रयोगासाठी झोपलेल्या अ‍ॅलन वर्स्ली यांनी स्वप्नात भान येताच ठरल्याप्रमाणे डोळे डावी-उजवीकडे फिरवले आणि यंत्राने ती खूण टिपली. मेंदूचा आलेख (ईईजी) तेव्हा झोपेचाच होता! पुढे अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठात स्टीफन लाबर्ज यांनीही स्वतंत्रपणे हेच दाखवले. २०२१ मध्ये तर अमेरिका, फ्रान्स, जर्मनी आणि नेदरलँड्समधल्या संशोधकांनी स्वप्नात असलेल्यांना गणिते घातल्याचे प्रसिद्ध झाले. ८ वजा ६ किती? एकाने डोळे दोनदा फिरवून उत्तर दिले. अर्थात १५८ प्रयत्नांत बरोबर उत्तरे १८ टक्क्यांच्या आसपास. बहुतेक वेळा उत्तरच आले नाही.

हे सगळे सोडून मांडूक्य उपनिषदातल्या चार अवस्थांना (जागृती, स्वप्न, गाढ झोप आणि तुरीय) पुरावा म्हणून उभे करण्याचे कारण मला कळले नाही. नामदेवांनी स्वप्नात येऊन तुकोबांना कवित्व सांगितले, यावर माझी श्रद्धा आहे. त्यासाठी मला ईईजी लागत नाही.

असो. पत्र लिहायला बसले ते शेवटच्या परिच्छेदामुळे. तिथे अशी स्वप्ने पडावीत म्हणून गॅलँटामाइनची गोळी 'नैसर्गिक, निर्धोक' म्हणून सुचवली आहे. हे अल्झायमरच्या रुग्णांना देण्याचे औषध आहे. त्याने अशी स्वप्ने वाढतात, असे २०१८ च्या एका अभ्यासात दिसले, हे खरे. पण त्याने मळमळते, उलट्या होतात, नाडी मंदावते. दमेकऱ्यांना आणि हृदयविकार असलेल्यांना ते जपूनच द्यावे लागते. वनस्पतीत सापडले म्हणून निर्धोक म्हणायचे, तर धोत्राही नैसर्गिकच आहे.

गजर लावून पाच तासांनी उठायचे आणि थोड्या वेळाने पुन्हा झोपायचे, ही युक्तीही लेखकाने रोज करायला सांगितली आहे. बारावीच्या मुलांनी हे मनावर घेतले, तर त्यांच्या झोपेचे खोबरे होईल. शिवाय मोडक्या झोपेत कधी कधी जाग येते, पण अंग हलत नाही आणि छातीवर कुणी बसल्यासारखे वाटते. असा घाबरून गेलेला मुलगा आईवडिलांनी मांत्रिकाकडे नेलेला मी पाहिला आहे.

पुढच्या रविवारी, त्याच पानावर, ही गोळी डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घेऊ नये असे ठळक अक्षरांत छापावे, ही विनंती.

आपली,
एक निवृत्त परिचारिका, मिरज