पाय टेकव आता

प्रिय बाळ्या,

काल रात्री वहिनींचा फोन आला होता. तुझ्या नकळत केला होता, आता मी सांगितलं म्हणून त्यांच्यावर चिडू नकोस. म्हणाल्या, ऑपरेशनला सात आठवडे झाले, डॉक्टर म्हणतायत वॉकर घेऊन पायावर वजन टाका, आणि हे आपले पलंगावर बसून टीव्ही बघतायत, वॉकरवर टॉवेल वाळत घातलेत. व्हॉट्सअ‍ॅपवर हे सगळं मावणार नाही आणि फोनवर तू मला बोलूच देत नाहीस, म्हणून हे पत्र.

तुझी भीती मला कळते. पोवई नाक्याजवळ गाडी घसरली तेव्हा नडगीचा तो कट्ट आवाज तू स्वतः ऐकलास, असा आवाज एकदा ऐकला की माणूस आपल्याच पायावर विश्वास ठेवत नाही. पण तुझ्या डोक्यात हाड म्हणजे खुर्चीचा पाय आहे, एकदा मोडला की आयुष्यभर जपून बसायचं. तिथंच घोळ आहे सगळा.

अण्णांच्या तिसऱ्या दिवशी सावडायला गेलो होतो ते आठवतंय ना, मडकं तुझ्याच हातात होतं. राखेवर पाणी शिंपडलं, मी एक तुकडा उचलला आणि बोटांतच खडूसारखा चुरला. मला तेव्हा फार लागलं ते, आयुष्यभर धान्याची पोती उचलणाऱ्या माणसाची हाडं अशी कशी म्हणून. उत्तर मिळालं ते कित्येक वर्षांनी, ते पण लेकीच्या शाळेच्या प्रोजेक्टमधून. तिनं कोंबडीच्या तंगडीचं हाड साफ करून आठवडाभर व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवलं आणि बाहेर काढलं तर ते रबरासारखं वाकायला लागलं, पोरीनं वाकवून वाकवून घरभर दाखवलं. म्हणजे बघ, हाडात दोन गोष्टी असतात. एक कोलॅजेन नावाचं प्रथिन, दोरखंडासारखं चिवट, आणि त्या दोरांत गच्च बसलेले कॅल्शियम-फॉस्फेटचे बारीक स्फटिक. वजनानं सुमारे दोन तृतीयांश हे क्षार. व्हिनेगर क्षार ओढून घेतं, मागे नुसते दोर राहतात. चितेत उलटं होतं, दोर जळून जातात आणि मागे नुसता क्षार उरतो, तो चुरतो. अण्णांची हाडं कमजोर नव्हती रे. दोन्ही एकत्र असतात तेव्हाच ते हाड, आणि तुझ्या पायात अजून दोन्ही शाबूत आहेत.

आणि ते जिवंत आहे, हे मुख्य. नडगी आडवी कापून भिंगाखाली बघितली तर झाडाच्या खोडासारखी वर्तुळं दिसतात, एक नाही, शेकडो छोटी छोटी खोडं शेजारी शेजारी. प्रत्येकाच्या मधोमध एक नळी, त्यातून रक्तवाहिनी जाते. क्लॉप्टन हॅव्हर्स नावाच्या इंग्लिश डॉक्टरनं 1691 साली ह्या नळ्यांचं वर्णन केलं, अजून त्याच्याच नावानं त्या ओळखल्या जातात. वर्तुळांच्या मध्ये पेशी अडकून बसलेल्या असतात, चारी बाजूंनी हाड, पण बारीक भोकांतून एकमेकींना हात लावून असतात. जोर कुठं पडतोय ते ह्यांना कळतं आणि त्या निरोप धाडतात. मग दोन टोळ्या कामाला लागतात. ऑस्टिओक्लास्ट जुनं हाड खरवडतात, कशानं, तर आम्ल सोडून, म्हणजे पोरीचा व्हिनेगरचा प्रयोग आपल्या अंगात रोजच चालू आहे! मागून ऑस्टिओब्लास्ट येतात आणि नवं भरतात. वर्षाला साधारण दहा टक्के सांगाडा असा बदलला जातो. तू जो दहावीत सायकल हाणायचास तो पाय आता तोच नाहीये, कधीच बदलून झालाय.

आता तुझ्या एक्सरेबद्दल. तो पाठवून तू विचारलंस, ‘हे मोडलेल्या जागी पांढरं धुरकट काय सुजलंय, काहीतरी बिघडलंय का’. अरे येड्या, त्याचीच तर वाट बघत होतो सगळे! तो कॅलस. मोडल्या मोडल्या तिथं रक्त साकळतं, पहिले दोन दिवस पाय भोपळ्यासारखा सुजला म्हणून तू शिव्या घालत होतास, पण दुरुस्तीची सुरुवात त्याच गाठीत होते. दोन-तीन आठवड्यांत तिथं कूर्चेसारखा मऊ जोड तयार होतो, तो एक्सरेत नीट दिसतच नाही, म्हणून पहिल्या फोटोत फट तशीच्या तशी दिसली आणि तू घाबरलास. मग हळूहळू त्यात क्षार भरत जातो आणि तो ढग दिसायला लागतो. तुझ्या हाडाच्या पोकळीत रॉड आहे, त्यानं थोडीशी हालचाल होऊ दिली म्हणून हा ढग छान जमलाय. प्लेट लावून एकदम घट्ट आवळलं असतं तर असा ढग न दिसताही जुळून येतं. पुढचे कित्येक महिने, कधी कधी वर्षं, तो जादाचा भाग खरवडून हाड परत सडपातळ होत राहतं. कातडीला जखम झाली की व्रण राहतो, हाड मात्र हाडानंच भरून येतं. शरीरात असं फार थोड्या ठिकाणी होतं.

पुरावा पाहिजे तर मी आहे की. चौथीत मी आंब्यावरून पडलो आणि मनगटाच्या वर हात मोडला, आठवतंय, तूच खाली उभा राहून ‘अजून वर जा’ म्हणत होतास. आजोबांनी हाडवैद्याकडं नेलं, त्यानं बांबूच्या कामट्या लावून अशी फडकी आवळली की रात्री बोटं निळी पडली आणि आई रडायला लागली. पहाटे जीपनं तालुक्याला नेऊन ते सोडवलं, नाहीतर हातच गेला असता, आत दाब वाढून रक्त तुटतं रे. जुळला तो वाकडाच. तेव्हापासून शाळेत मला वाकड्या म्हणायला लागलात तुम्ही लोक. आता बघ कधीतरी माझा हात, कुठं मोडला होता ते मलाच सांगता येत नाही. लहान वयात मनगटाजवळची वाढीची चकती जागी असते, हाड लांब होता होता सरळ पण होतं. नाव तेवढं वाकडं राहिलं.

पोरांची गोष्टच वेगळी म्हणा. जन्मताना 270 ते 300 हाडं असतात, जुळत जुळत 206 उरतात. तान्ह्या बाळाच्या गुडघ्याची वाटी म्हणजे नुसती कूर्चा, त्यात हाड धरतं तीन ते सहा वर्षांच्या दरम्यान. आणि छातीकडचं कॉलर बोनचं टोक पंचविशीच्या आसपास पूर्ण जुळतं, म्हणजे आपण नोकरीला लागलो तेव्हाही सांगाड्याचं काम बाकीच होतं. आपलं वय गेलं, हे मान्य. पण जोडायची अक्कल शेवटपर्यंत राहते. सायबेरियातल्या कुर्गानमध्ये इलिझारोव्ह म्हणून डॉक्टर होता, तो हाड मुद्दाम कापून रिंगांमध्ये धरायचा आणि रोज फक्त एक मिलिमीटर ओढायचा, मधल्या फटीत नवं हाड धरत जायचं. मोठ्या माणसांचे पाय असे काही सेंटिमीटर लांब केलेत त्यानं. कार्लो माउरी नावाचा इटालियन गिर्यारोहक, बर्फात पडून पाय मोडलेला, जवळजवळ वीस वर्षं लंगडला आणि 1980 मध्ये तिथं जाऊन बरा झाला.

आता वजनाचं. युलियस वोल्फ नावाच्या जर्मन सर्जननं 1892 मध्ये मांडलं की हाडावर जसा भार पडतो तसं ते स्वतःला घडवतं. टेनिसवाल्यांच्या खेळायच्या हाताचं हाड दुसऱ्यापेक्षा जाड असतं. आणि अंतराळवीर, ज्यांना सगळ्यात तंदुरुस्त म्हणून निवडलेलं असतं, ते तिथं तरंगत असताना खुब्याचं हाड महिन्याला एक ते दीड टक्का गमावतात. तुझा पलंग म्हणजे तसलंच छोटं अंतराळयान झालंय. भार नाही म्हणजे निरोप नाही, निरोप नाही म्हणजे पाडकामवाले चालू आणि भरणारे गप्प. डॉक्टरांनी सांगितलंय तेवढंच टाक, त्यांनी वजनकाट्यावर पाय ठेवून दाखवलंय ना किती दाबायचं ते, तसंच. एकदम शूरपणा करून जिना उतरायला जाऊ नकोस, तुझा भरवसा नाही.

खाण्याचं वहिनींनी विचारलं होतं. पायाचं सूप प्यायचं तर चवीसाठी पी, त्यात कॅल्शियम फारसं उतरत नाही. त्यापेक्षा नाचणीची भाकरी, दूध, डाळ-अंडी आणि सकाळचं ऊन. डिंकाचे लाडू खा, कोण नाही म्हणतंय. काकूंनी पाठवलेल्या कांडवेलीचं तेवढं डॉक्टरांना विचारून बघ. आणि सिगरेट बंद म्हणजे बंद, बाल्कनीतली पण. नडगीला आधीच वरून मांस कमी, रक्तपुरवठा जेमतेम, त्यात धुरानं रक्तवाहिन्या आवळल्या तर जुळायला महिनोन्‌महिने जास्त लागतात. हे मात्र मी वहिनींना सांगितलेलं नाही. अजून.

रविवारी सकाळच्या एसटीनं येतोय. वॉकरवरचा टॉवेल काढून ठेव. तुझ्या दारापासून कोपऱ्यावरच्या चहावाल्यापर्यंत साठ-सत्तर पावलं असतील, मागे मोजलीयत मी. पहिल्या दिवशी फाटकापर्यंतच जाऊ, चहा मी इकडंच घेऊन येतो.

तुझाच,
वाकड्या