लड्डू आणि चंद्रपूरचं ऊन

नागपूर

चि. सौरभ,
अनेक आशीर्वाद.

बदली चंद्रपूरला झाली आणि लड्डूलाही पुण्याहून सोबत आणलंय, हे फोनवर किती सहज सांगितलंस! बाबा खूश. मी मात्र कॅलेंडर बघितलं. २५ मेला नवतपा लागतोय, उन्हाळ्यातले ते नऊ कडक उन्हाचे दिवस. तिथे तेव्हा पारा ४५च्या वर गेला तर नवल नाही, आणि आपलं ध्यान पडलं पग जातीचं कुत्रं.

कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. जीभ काढून धापा टाकायच्या, तोच त्याचा कूलर. चपट्या नाकामुळे पगचा तो कूलरच जन्मजात अधू. म्हणून फिरवायचं ते पहाटेच. संध्याकाळी सातला म्हणतोस, पण डांबर तेव्हाही तापलेलं असतं. तळहाताची मागची बाजू रस्त्यावर टेकव. सात सेकंद ठेववली नाही तर मागे फीर.

शेजारीपाजारी सांगतील, ऊन बाधू नये म्हणून कांदा द्या. आपण खिशात कांदा घेऊन फिरणारी माणसं, पण कुत्र्याला कांदा विषारी, कच्चा काय नि शिजलेला काय. रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात त्याने. पन्हंबिन्हं नको, साधं पाणी दोन-तीन ठिकाणी ठेव.

खोली बंद करून कूलर लावून ऑफिसला जाऊ नकोस. खिडकी उघडी नसली तर खोली नुसती दमट होते, आणि दमट हवेत कितीही धापा टाकल्या तरी अंग निवत नाही. वीज जाते ती वेगळीच! घरमालकिणीकडे किल्ली देऊन ठेव. गाडीत तर सावलीतही एकटा सोडायचा नाही.

धाप थांबेना, लाळ चिकट झाली, हिरड्या लालभडक, चालताना झोकांड्या, म्हणजे ऊन लागलं. लगेच सावलीत घे, मानेवर, पोटावर, पायांवर पाणी ओत, पंखा लाव, आणि मग डॉक्टर. उठून शेपूट हलवायला लागला तरी न्यायचाच. आपल्या तापाच्या गोळ्या अजिबात देऊ नकोस. त्याचं अंग एरवीही १०१-१०२ फॅरनहाइट असतं, हाताला गरम लागणारच. आणि हो, दुपारी गच्चीवरच्या टाकीचं पाणी नळाला चटका बसेल असं येतं. ते काय कामाचं? सकाळीच दोन बादल्या भरून न्हाणीत झाकून ठेवत जा.

जनावरांचा डॉक्टर या आठवड्यातच शोध. रात्री फोन कोण उचलतो तेही विचारून घे.

बाबा रविवारी येतायत. कूलरसाठी वाळ्याच्या ताट्या आणि लड्डूच्या पाण्याला मातीची परात पाठवतेय. लोणच्याची बरणी तुझी आहे, त्याला चाटू देऊ नकोस.

तुझी,
आई