शनीचं एक वर्ष

28 नोव्हेंबर 2025

प्रिय मित्रा,

परवा रात्री दुर्बीण लावून बसलो होतो आणि तुझी इतकी आठवण आली की सरळ कागद ओढला. फोनवर सांगितलं असतं तर ‘बरं, बरं’ म्हणत तू विषय बदलला असतास.

1995 चा नोव्हेंबर आठवतो? बारा वर्षांचे होतो आपण. शनीची कडी दाखवायला सरांनी मैदानावर दुर्बीण मांडली होती. रांगेत तू माझ्या पुढे. डोळा लावलास आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलंस, “सर, कडी कुठायत?” सरांनी रुमालानं भिंग पुसलं, पाहिलं, परत पुसलं. माझी पाळी आली तेव्हा मलाही नुसता पिवळसर ठिपका दिसला. घरी जाताना तू निकाल देऊन मोकळा झालास: दुर्बीण बिघडलेली आहे.

बिघडलेली नव्हती रे. कडी तिथंच होती, फक्त आपल्याकडे कड करून.

शनीचा आस सुमारे 27 अंशांनी कललेला आहे आणि तो कल तसाच ठेवून शनी सूर्याभोवती फिरतो. त्यामुळे काही वर्षं आपल्याला वलयांची वरची बाजू दिसते, काही वर्षं खालची, आणि अधेमधे, एका फेरीत दोनदा, नेमकी धार समोर येते. धार तरी केवढी! वलयांचा पसारा जवळपास 2 लाख 80 हजार किलोमीटर आणि जाडी बहुतेक ठिकाणी दहाएक मीटर. तो सगळा पसारा एक किलोमीटरवर आणला, तर जाडी या पत्राच्या कागदापेक्षाही कमी भरेल. मग शाळेच्या दुर्बिणीनं काय दाखवायचं?

आपली फजिती झाली म्हणून वाईट वाटून घेऊ नकोस. गॅलिलिओचंही हेच झालं होतं. 1610 मध्ये त्याला शनीच्या दोन्ही बाजूंना एकेक सोबती दिसला. 1612 मध्ये पाहतो तर दोघेही गायब. रोमन पुराणातला शनी स्वतःची मुलं खातो, म्हणून शनीनं पोरं गिळली की काय, असं त्यानं चक्क एका पत्रात विचारलं. ते वलय आहे, हे हायगेन्स या डच खगोलशास्त्रज्ञानं उलगडून सांगितलं 1659 मध्ये. म्हणजे गॅलिलिओनं भिंग पुसल्यावर जवळजवळ पन्नास वर्षांनी.

आता मुद्द्याचं. या महिन्यात तेच पुन्हा झालं. वलयांचा कल अर्ध्या अंशाच्याही खाली आलेला. परवा दुर्बिणीत शनी दिसला तो सुईत ओवलेल्या मण्यासारखा, आणि ती सुईसुद्धा हवा स्थिर झाली की क्षणभर दिसायची, परत विरायची. मी श्वास रोखून बसलो होतो. माझ्या श्वासानं तिकडे काय फरक पडणार, पण बसलो होतो खरा.

मग हिशेब केला. शनीला एका फेरीला साडेएकोणतीस वर्षं लागतात. त्याचं जुनं नाव शनैश्चर, म्हणजे हळूहळू चालणारा. नुसत्या डोळ्यांनी पाहून ज्यांनी हे नाव ठेवलं त्यांची कमाल आहे. थोडक्यात, त्या मैदानावरच्या रात्रीपासून आजपर्यंत शनीचं एक वर्ष झालं, वर थोडे महिने. तेवढ्यात बुधानं सव्वाशेच्या आसपास फेऱ्या मारल्या, मंगळानं सोळा, गुरूनं अडीच. नेपच्यूनचा तर पाचवा हिस्साही झालेला नाही. 1846 मध्ये तो सापडला, त्याची तेव्हापासूनची पहिली फेरी 2011 मध्ये पुरी झाली! (शुक्राचा प्रकार अजबच. त्याला स्वतःभोवती फिरायला 243 दिवस आणि सूर्याभोवती फिरायला 225. याच्या गणितात पडू नकोस, डोकं दुखतं.)

मला खरा आवडला तो युरेनस. त्याचं वर्ष 84 वर्षांचं आणि तो जवळजवळ आडवा होऊन फिरतो. त्यामुळे त्याच्या ध्रुवावर 42 वर्षं उजेड आणि 42 वर्षं अंधार. आपण जन्मलो तेव्हा त्याचा दक्षिण ध्रुव सूर्याकडे होता. 1986 मध्ये व्हॉयेजर-2 हे अंतराळयान तिथून गेलं, त्यानं तीच उजेडातली बाजू पाहिली. 2007 च्या सुमारास सूर्य त्याच्या विषुववृत्तावर आला आणि आता उत्तर ध्रुव उजेडात आहे. आपण आत्ता बेचाळीसचे. म्हणजे युरेनसच्या मापानं दोघं मिळून आत्ता कुठे एक वर्षाचे झालो. बायकोला सांगितलं, तर म्हणाली, वागता तसेच.

पुढच्या वर्षी वलयं जराशी उघडतील आणि 2032 मध्ये पूर्ण ताटासारखी दिसतील. तेव्हा ये, असं लिहिणार होतो, पण तुझा काय भरवसा, त्याआधीच ये. दोन दिवस काढून ये, कारण पहिल्या रात्री हमखास ढग येतात. दुर्बीण माझी आहे, शाळेची नव्हे, आणि बिघडलेली नाही. भिंगही पुसून ठेवलंय, रुमालानं नाही.

तुझा,
बाकावरचा शेजारी