सनदेपर्यंतचा हिशेब

वाई

चि. सौ. ताईस अनेक उत्तम आशीर्वाद.

परवा फोनवर तू विचारलंस, "आण्णा, या वयात एलएल.बी.ला जाते म्हटलं तर लोक हसतील का?" मी नुसतं "बघू" म्हणालो. तुला ते लागलं असणार. बारावीनंतर पुण्याला लॉला जाते म्हणालीस तेव्हाही मी "बघू"च म्हणालो होतो, आणि पुढच्या मे महिन्यात तुझं लग्न लावून मोकळा झालो. चूक माझी होती. म्हणून या वेळी खरंच बघितलं. आपल्या वाटपाच्या दाव्याचे वकील आहेत, त्यांच्याकडे दोन संध्याकाळी वही घेऊन बसलो.

आधी जमणार नाही ते सांगतो. न्यायाधीशाच्या परीक्षेला वकिलांसाठी खुल्या गटात वयाची अट ३५ आहे. तू आत्ताच ३६ची. सरकारी नोकरीची सर्वसाधारण मर्यादा ३८, आणि तुझ्या हातात सनद, म्हणजे वकिलीचा परवाना, येईल तेव्हा चाळिशी आलेली असेल. तेव्हा या दोन्हींची आस मनातून काढून टाक.

वकिलीला मात्र वय आड येत नाही. मुक्त विद्यापीठाच्या बी.ए.ची तुला धास्ती होती, ती सोड. बारावी न होता थेट मुक्त विद्यापीठाची पदवी घेतली तर सनद देणाऱ्या बार कौन्सिलचा नियम आडवा येतो. तू रीतसर बारावी करून गेलीस. पदवीला खुल्या गटात ४५ टक्के लागतात, तुझे ५८ आहेत. प्रवेशाची सीईटी परीक्षा मराठीतूनही देता येते, पण इंग्रजीचे प्रश्न इंग्रजीतच सोडवायचे असतात. त्याचा अभ्यास आजपासून धर.

खरी अडचण पुढे आहे. ७० टक्के हजेरी लागते. घरबसल्या केलेल्या एलएल.बी.वर सनद मिळत नाही. कॉलेजसाठी कोरेगाव-सातारा रोज जाऊन-येऊन तुझं कोर्टाबाहेरचं टायपिंगचं टेबल पहिल्यासारखं चालणार नाही. आणि सनद घेतल्यावर तर ते बंदच करावं लागेल, वकिलाला दुसरा धंदा करता येत नाही. म्हणजे तीन वर्षं कमाई अर्धी, आणि नंतरची दोन-तीन वर्षं सीनिअरकडे हाताखाली, जेमतेम पैशांवर. जावईबापूंशी हे आकडे मांडून बोल. नुसतं "शिकायचंय" म्हणू नकोस.

पण ताई, तू काही रिकाम्या हाताने कॉलेजात जात नाहीस. नऊ वर्षं खरेदीखतं, बक्षीसपत्रं, हक्कसोडपत्रं टाइप केलीस. विशीतल्या पोरांना सातबारा आणि फेरफार यांतला फरक पुस्तकातून शिकावा लागेल, तो तुझ्या बोटांत आहे. मागे तू सांगितलं होतंस, एक म्हातारी भावासाठी हक्कसोडपत्रावर, म्हणजे आपला हिस्सा सोडल्याच्या कागदावर, अंगठा द्यायला आली होती आणि कशावर देतेय हेच तिला ठाऊक नव्हतं. तू टायपिंग थांबवून तिला समजावलंस, तिचा भाऊ तुझ्यावर चिडला. माझ्या मते तुझी वकिली त्या दिवशीच सुरू झाली. मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतका हिस्सा महाराष्ट्रात १९९४ला मिळाला, सगळ्या देशात २००५ला. तरी बाया अजून न वाचता अंगठे देतात.

म्हणून सगळ्या कायद्यांच्या मागे धावू नकोस. जमीन आणि वारसा हेच काम धर, पहिल्या वर्षापासून त्यातला सीनिअर शोध. तीन वर्षं वकिली झाली की गरजूंना मोफत वकील देणाऱ्या विधी सेवा प्राधिकरणाच्या पॅनेलसाठी अर्ज करता येतो, तिथे अशाच बाया येतात. नोटरीसाठी एरवी दहा वर्षं वकिली लागते, बायकांना सात पुरतात. म्हणजे सत्तेचाळिसाव्या वर्षी. मी त्या वेळी असेन-नसेन, पण तुझ्यापुढे कामाची वीस वर्षं असतील.

फीची काळजी करू नकोस. दुधाचे पैसे वेगळे ठेवायला सुरुवात केली आहे. नातवाची दहावी पुढच्या वर्षी आहे, त्या वर्षी तुझी आई येऊन राहील. तिला विचारूनच लिहितोय.

तुझं बारावीचं गुणपत्रक हरवलं म्हणालीस. ते माझ्या ट्रंकेत आहे, त्या वर्षीच्या लॉच्या फॉर्मसकट. रविवारी सकाळच्या एसटीने घेऊन येतो.

तुझे,
आण्णा