तुझा डबा सापडला

सोलापूर,
२ मार्च

प्रिय कुमुद,

तुझा डबा सापडला.

आधी हेच लिहून टाकते. दिवाळीपासून तुझे तीन फोन येऊन गेले, मी एकही उलटून केला नाही, आणि आता कोणत्या तोंडानं सुरुवात करावी ते कळत नव्हतं. डब्यानं सोय केली. पितळी, पोटावर ठिपक्याठिपक्यांनी ‘कुमुद’ आणि खाली १९८९. याच डब्यावरून एका वाड्यात राहून आपण दोन महिने बोललो नव्हतो. नळावर एकमेकींच्या घागरी ओलांडून पाणी भरायचो, आठवतंय? तू म्हणायचीस दिला नाहीस, मी म्हणायची मंदारच्या हातून कधीच धाडला. शपथसुद्धा घेतली होती मी, मंदारचीच बहुतेक. त्याला काही झालं नाही हे नशीब. तर तो डबा तीस वर्षं आमच्या कडाप्प्याच्या खालच्या खणात, अगदी भिंतीला टेकून, पुरणयंत्राच्या आणि कान तुटलेल्या कुकरच्या मागं बसून होता. आत तुझं मेतकूट. म्हणजे एके काळचं मेतकूट, आता दगड. वास घेतला तर अजून हिंग येतो. हिंग तू जास्तच घालायचीस, हे मी तेव्हाही म्हटलं होतं.

चूक माझी. झालं. पुढचं वाच.

तब्येती ठीक. यांची शुगर आहे तिथं आहे, माझा गुडघा जिना बघून कुरकुरतो. सासूबाईंची नजर मात्र गेलीच म्हणायची. काचबिंदूनं कडेकडेनं खात आणली, आता उजेड-अंधार तेवढा कळतो. ८६ पूर्ण केली. आवाज तोच.

तर डबा सापडला तो कडाप्पा रिकामा करताना. हो बाई, शेवटी फोडतेय, तिथं नवं मॉड्युलर किचन करायला. मधल्या खिडकीतून तुला ओरडून सांगितलं होतं ना, एक दिवस या मांडणीवर घण घालीन तेव्हाच माझं नाव विजया. तू हसता हसता तव्यावरची भाकरी करपवलीस आणि भावजींना ‘विजूमुळं’ म्हणून वाढलीस. तो दिवस आलाय. पैसे आहेत, माणूस ठरलाय, आणि माझ्याच्यानं होत नाही. हे इथं कुणाला सांगायची सोय नाही. यांना सांगितलं तर म्हणतात, ‘मग नको फोडूस.’ एवढं सोपं असतं तर तुला पत्र कशाला लिहिलं असतं?

तुला तो कडाप्पा वेगळा सांगायला नको. चार खण, दोन फूट खोल, मागचं काढायचं तर पुढचं सगळं जमिनीवर. तुझ्या डब्याचं झालं ते काय उगीच झालं? वरती भिंतीवर स्टीलची मांडणी: ताटं उभी, वाट्या पालथ्या, कप आकड्यांना. आणि सासूबाईंचा कायदा. तिखटाच्या उजवीकडं मीठ. साखर तिसऱ्या फळीवर डावीकडून चौथी. चहाची पूड पाचवी, कधीही सहावी नाही. किल्लारीच्या भूकंपाला, १९९३ साली, पहाटे चारला मांडणीवरची भांडी वाजायला लागली, सगळा वाडा अंगणात पळाला, आणि या बाई दारात उभ्या राहून मला विचारतात, ‘लोणच्याची बरणी पडली का बघ.’ तू साक्षीला होतीस. मी आत जाऊन बघून आले, हेही तुला माहीत आहे. त्यावरून तू मला वर्षभर चिडवलंस.

आता सोमवारी काय झालं ते ऐक. मी सगळा पसारा बाहेर काढत होते, त्या खुर्चीवर बसून ऐकत होत्या. मला वाटलं आता रडणार, नाहीतर शिव्या घालणार. मीच आपली मऊ आवाजात म्हटलं, ‘आई, तुमच्या हातची मांडणी, वाईट वाटतंय मलाही.’ तर म्हणतात, ‘माझ्या हातची? ती माझ्या सासूनं बसवून घेतली ६४ साली. त्या उंच होत्या. माझा हात पोचायचा नाही, पाटावर चढून डबे काढायची मी, पोटुशी असतानासुद्धा. मला कुठं आवडत होती?’

कुमुद, मी तिथंच फरशीवर बसले. म्हटलं, ‘मग एवढी वर्षं माझ्याशी भांडलात कशाला?’

‘मग काय? मी सोसलं ते तू फुकटात सोडवून घेणार होतीस होय?’

असं म्हणाल्या, आणि शेंगा सोलायला घेतल्या. १९८६ पासून मी ज्या गोष्टीसाठी रडले, माहेरी जाऊन बसले, तुझ्या ओट्यावर बसून चहा ढोसला, ती आमच्या घरात कुणालाच नको होती!

बरं, नको होती तर आता फोडायला काय हरकत? तिथंच अडलंय. सामान बाहेरच्या खोलीत हलवलं, त्या रात्री मला जाग आली. स्वयंपाकघरात त्या उभ्या. दिवा नाही, त्यांना तो लागतही नाही. हात वर केलेला, तिसऱ्या फळीवर, डावीकडून बोटं टेकत टेकत गेली. एक, दोन, तीन, चार. चौथ्याला हात थांबला. डबा नव्हता. हात तसाच राहिला थोडा वेळ, मग फळीच्या कडेवर ठेवला, भिंतीवर ठेवतात तसा. मी दारात होते. बोलले नाही. सकाळी म्हणाल्या, ‘साखर कुठं ठेवलीस गं?’ एवढंच.

आपल्याला वाटायचं हा सासुरवासाचा कायदा. गेली चार वर्षं त्याच्यावर त्या चहा करून पितायत. तूरडाळीच्या डब्याला पोचा आहे, साखरेच्या डब्यावर मामंजींचं नाव कोरलंय, ते त्या बोटानं वाचतात. नवीन डबे मी आणले ते सगळे एकसारखे गुळगुळीत, त्यांना हातही लावत नाहीत. आणि आता तिथं दारंच दारं येणार. हँडलसुद्धा नाही म्हणे, दाबलं की उघडतं. आंधळ्या माणसानं कुठं कुठं दाबत बसायचं?

श्रीनिवास म्हणून पूर्व भागातला पोरगा आहे, तो काम करतोय. माप घ्यायला आला तो आधी कडाप्प्यावर थाप मारून म्हणतो, ‘अक्का, चांगला दगड कशाला तोडलालाव ओ?’ धंदा करायला आलाय की मोडायला! पण त्याचं म्हणणं खोटं नाही. दगडाला वाळवी नाही, फुगणं नाही, बादलीभर पाणी ओतून धुतला की झालं. लिंबू-चिंचेचे पांढरे डाग पडतात तेवढे. आणि आपल्याकडं पाणी येतं काही दिवसांआड, तेव्हा ओट्याशेजारी पिंपं, खाली कळश्या, ओल कायम. धाकट्या जाऊबाईंनी होटगी रोडच्या फ्लॅटमध्ये स्वस्तातलं किचन करून घेतलं, आत भुशाचा बोर्ड निघाला. दुसऱ्या वर्षी सिंकखालचा तळ टोस्टसारखा फुगला, दार लागेना. आता तिथं दोरी बांधलीय. ज्यानं केलं तो फोन उचलत नाही. त्या मात्र अजून ‘आमचं मॉड्युलर’ म्हणतात.

म्हणून मी श्रीनिवासच्या मागं लागले की बोर्ड नको. तो म्हणतो, प्लायच घ्या, पण साधा कमर्शियल नको, आयएस ७१० चा, म्हणजे पाण्यात टिकणाऱ्या प्लायचा, छाप बघून घ्या, तो ७२ तास उकळून तपासतात. माझी तूरडाळसुद्धा एवढी उकळत नाही. ट्रॉलीची जाळी ३०४ स्टीलची घ्या म्हणतो, हलकं स्टील सिंकजवळ गंजतं. मी लोहचुंबक घेऊन दुकानात जायला निघाले होते, तर म्हणाला, ‘त्यानं काय कळत नाही अक्का, हलकंपण चिकटत नाही. बिलावर लिहून घ्या.’ अ‍ॅल्युमिनियमचंही दाखवलं. त्याला ना वाळवी ना पाणी, पण दार लावलं की पत्र्याच्या पेटीचा आवाज येतो. आणि ऋतुजा पुण्याहून उघड्या फळ्यांचे फोटो पाठवते: एक फळी, चार कप, एक निवडुंग. फोडणी कधी देतात गं ही माणसं? आपल्याकडच्या धुळीत आठ दिवस उघडं ठेवलं आणि वर तेलाची वाफ बसली की फळीवर बोटानं नाव लिहावं. पण तिला म्हटलं छान आहे. सुनेशी फळ्यांवरून भांडायचं नाही असं मी ठरवलंय. कारण तुला सांगायला नको.

शेवटी परवा सासूबाईंना रिक्षात घालून सात रस्त्याजवळच्या एका शोरूममध्ये नेलं. म्हटलं, हात लावून बघू देत, नको म्हणाल्या की माझी सुटका. तिथल्या पोरानं खालचा खण त्यांच्या हाती दिला. ओढला, तो सरसर पुढं आला, सगळाच्या सगळा, मागचा कोपरासुद्धा. त्यांनी वरून हात फिरवला. म्हणाल्या, ‘हे आपणहून पुढं येतंय की गं!’ मग दहा वेळा आत-बाहेर. लोक बघत होते. मी मनात म्हटलं, विजे, हे तुला सुचायला हवं होतं. उघड्या फळीत माणसाला आत जावं लागतं, इथं वस्तू हाताखाली येते. दिसत नाही त्याला तर हेच बरं.

मग त्यांनी तो जोरात ढकलला. खण धावत गेला आणि शेवटच्या बोटभर अंतरावर थांबून हळूच, आवाज न करता बंद झाला. पोरगा कौतुकानं म्हणाला, सॉफ्ट क्लोज आहे आजी. सासूबाईंनी पुन्हा ढकलला. पुन्हा आवाज नाही. माझ्याकडं तोंड करून म्हणतात, ‘राग आल्यावर आपटायचं काय मग?’

मला जे हसू फुटलं ते बाहेर रस्त्यावर येऊनसुद्धा थांबेना. त्याही हसत होत्या. तू असायला हवी होतीस. तुला तर खिडकीपलीकडून नुसत्या आवाजावर कळायचं, आज ताट आपटलं म्हणजे सासू, वाटी आपटली म्हणजे विजू.

तर आता मला काय सुचतंय ते सांगते, वेडेपणा असेल तर तसं लिही. ओट्याखाली तीन मोठे खण, रोजच्या भांड्यांना. ओटा माझ्या कोपरापासून चार बोटं खाली, श्रीनिवासनं मापच तसं घेतलं. वर दोनच कपाटं, दारांची. आणि त्यांच्या खांद्याच्या उंचीला एक उघडी फळी, नऊ इंच खोल, एकामागं एक डबा बसणारच नाही अशी. तिच्यावर जुने डबे त्याच क्रमानं, साखर चौथी. फळीला पुढं पट्टी, म्हणजे बोट कडेला लागलं की कळेल. मधे खणांच्या तोंडावर काही खूण करता येईल, एकाला बटण, एकाला लाकडी गोळी, असं श्रीनिवास म्हणतो. त्याच्या आजीचंही असंच होतं म्हणे.

राहिली ज्वारी. पाडव्याच्या आसपास मंगळवेढ्याहून मालदांडी येईल. पूर्वी तीन क्विंटल लागायची, आता एक, तीसुद्धा पोळीवाली आली म्हणून कधी उरते. पण ती ट्रॉलीत कशी भरू? ट्रॉली ज्यावर सरकते ते चॅनेल म्हणे ४५ किलो पेलतं, साधं घेतलं तर ३५. पत्र्याच्या दोन कोठ्या, आत कडुलिंबाचा पाला, त्यांना जागा लागणारच. तेवढ्यापुरता कडाप्प्याचा एक खण ठेवावा का? डावीकडचा, खिडकीखालचा. हे म्हणतात, एवढं करतेयस तर पूर्ण फोड, ठिगळ दिसेल. दिसेलच. पण तो खण ठेवला तर त्याच्या वरच्या कडेवर सासूबाईंना हात टेकायला होईल, हे मी यांना सांगितलं नाही. तू पनवेलला दोन वर्षांपूर्वी सगळं नवीन केलंस, तर खरं खरं लिही: ट्रॉल्या अजून सरळ चालतात का? झुरळं होतात का? आणि हात टेकायला काही ठेवलंस का कुठं?

भावजींचं ऑपरेशन नीट झालं हे मला नीलेशच्या स्टेटसवरून कळावं, याची लाज वाटते. फिरायला जाऊ देतात का? श्रुतीचा निकाल लागला की कळव. गड्ड्याच्या जत्रेला ये म्हटलं होतं, आली नाहीस. सिद्धेश्वराचे नंदीध्वज आपल्या बोळाच्या तोंडावरून गेले तेव्हा तुझी जागा मी धरून ठेवली होती, एका दांडग्या बाईनं ती घेतली.

श्रीनिवास बुधवारी घण घेऊन येतोय. त्याच्या आत फोन कर. या वेळी उचलेन. डबा कुरिअरनं धाडणार नाही, येऊन घेऊन जा. शेंगाचटणी करून ठेवते, उखळातली. उखळ मोडायचं नाही असं दोघींचं एकमत झालंय.

तुझी,
विजू

ता. क. सासूबाईंनी आत्ता तुझा डबा मागून घेतला आणि सगळीकडून चाचपला. म्हणतात, डबा कुमुदचाच, झाकण आपलं आहे. तुझ्याकडं एखादं पितळी झाकण जास्तीचं निघतंय का, बघ.