बोडीवरचा मोहाचा ओंडका

तीर्थरूप आई-बाबांस शिरसाष्टांग नमस्कार, वि. वि.

पाली शोधायला एवढ्या लांब दार्जिलिंगला कशाला जावे लागते, असे आईने परवा विचारले आणि नेमका तेव्हाच फोन तुटला, म्हणून हे पत्र सविस्तर लिहिते आहे.

आई, सॅलॅमँडर म्हणजे पाल नव्हे. चार पाय आणि लांब शेपूट यांमुळे तो तसा दिसतो खरा, पण त्याच्या अंगावर खवले नसतात, बोटांना नखे नसतात आणि कातडी बेडकासारखी ओलसर असते; तो बेडकाप्रमाणेच उभयचर आहे. आपल्या विदर्भात तो मिळत नाही. भारतात त्याचे वास्तव्य केवळ पूर्व हिमालयात आणि ईशान्येकडील डोंगरांत आहे, आणि इकडच्या जातीला स्वतंत्र शास्त्रीय नाव मिळाले ते थेट २०१५ साली.

शोधण्याचे काम फार सावकाशीचे असते. ओंडक्याची पलीकडची कड धरून तो आपल्याकडे कलता करायचा, म्हणजे खाली साप असलाच तर त्याची वाट आपल्या पायांकडे येत नाही. बाबा, सरपणाचा ढीग हलवताना तुम्ही मला हेच शिकवले होते. पाहून झाले की ओंडका होता तसाच, त्याच खाचेत ठेवायचा, कारण त्याखालची ओल एकदा उडाली की तिथे राहणाऱ्या जिवाचा आसराच जातो. आमच्याजवळ वन विभागाची परवानगी आहे, तरीही उगाच हात लावायचा नाही. त्याची कातडी इतकी नाजूक की आपल्या हाताला लागलेले डासांचे मलमही तिच्यातून आत शिरते. पहिले नऊ दिवस काहीच मिळाले नाही. दहाव्या दिवशी एका कुजलेल्या ओंडक्याखाली तो दिसला: वीतभरही नाही, गडद तपकिरी, दोन्ही कुशींवर गाठींची रांग, अगदी निश्चल. मी श्वास रोखून पाहत राहिले आणि डोळे भरून आले.

पावसाळ्यात हे जीव तळ्यात उतरतात, पाणवनस्पतींवर अंडी घालतात आणि नंतर पुन्हा रानात परततात. जवळच जोरपोखरी येथे त्यांच्यासाठी अभयारण्य राखले आहे. परंतु तळे कितीही जपले, तरी भोवतालचा पालापाचोळा झाडून नेला आणि पडलेली झाडे उचलली, तर उरलेले वर्ष त्यांनी काढायचे कुठे? हा प्रश्न पडल्यापासून मला आपली बोडी, ते छोटे तळे, सारखी आठवते आहे.

बाबा, बोडीच्या पाळीवर आडवा पडलेला मोहाचा ओंडका धानाच्या रोवणीपूर्वी जाळून पाळ स्वच्छ करणार असल्याचे तुम्ही म्हणाला होता. विंचू-सापाची तुमची धास्ती रास्त आहे, कारण आई पहाटे त्याच वाटेने जाते. म्हणून वाटेकडचे गवत आणि काटक्या जरूर काढाव्यात. पण ओंडका मात्र राहू द्यावा. गेल्या वर्षी त्याच्याखालून निघालेला तो गोल बेडूक पाहता पाहता फुग्यासारखा फुगला होता, आठवते ना? पहिल्या पावसात बोडीवर रात्रभर ओरडणारे बेडूक एरवी अशाच ठिकाणी किंवा मातीत दडून असतात, आणि धानावरचे किडे खाणारेही तेच असतात.

पोळ्याला मी येणार आहे. तोवर त्या ओंडक्याला वाळवी लागलेली दिसली तरी कृपया हलवू नका.

तुमची,
धाकटी