चौदा लेकरांची एक खोली

ता. संगमेश्वर, जि. रत्नागिरी
रविवार, २२ जून २०२५

ती. आई आणि बाबांना साष्टांग नमस्कार.

बाबा, हे पत्र आईला मोठ्यानं वाचून दाखवा. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर तिनं अजून महिनाभर डोळ्यांना ताण द्यायचा नाही, असं डॉक्टरांनी सांगितलंय. ती ऐकत नसेल हे मला इथं बसून दिसतंय.

परवा फोनवर तुम्ही विचारलंत, "एकाच खोलीत पाच वर्ग? मग तू शिकवतेस तरी कुणाला?" आणि तेवढ्यात रेंज गेली. पाऊस लागला की इथला टॉवर दोन-दोन दिवस बंद असतो. पण तो प्रश्न डोक्यातून गेला नाही. गेल्या वर्षी याच दिवसांत मीसुद्धा स्वतःला रोज रात्री हेच विचारत होते.

आमची शाळा पहिली ते पाचवी. पहिलीत दोन, दुसरीत चार, तिसरीत तीन, चौथीत तीन, पाचवीत दोन, अशी सगळी मिळून चौदा लेकरं. कायद्यानं साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक, म्हणून मी आणि मुख्याध्यापक. त्यातही त्यांना कधी मीटिंग, कधी ऑनलाइन माहिती भरायला केंद्रशाळेत जावं लागतं, तेव्हा पाचही वर्ग माझ्याकडे. खोल्या दोन आहेत, पण दुसरी दोन पावसाळे गळतेय. अर्ज दिलेत. तोवर सगळे एकाच खोलीत.

गेल्या जूनला मी काय केलं, ते तुम्हाला कधी सांगितलं नाही. तासाचे तुकडे पाडले. दहा मिनिटं पहिली, दहा मिनिटं दुसरी, असं पुढे. ज्यांची पाळी नाही त्यांनी गप बसून पाठ उतरवायचा. डी.एड.ला एका वर्गाची पाठ टाचणं काढायला शिकले होते, तीच पाच पटीनं काढत होते. दिवाळीपर्यंत घसा बसला. आणि सगळ्यात वाईट वाटलं ते एका दुपारी वह्या तपासताना. तिसरीतल्या पोरानं एकच पाठ चार वेळा उतरवला होता, सुवाच्य अक्षरात, आणि त्यातलं एक वाक्य त्याला वाचता येत नव्हतं. त्याला गप बसवलं होतं मी. शिकवलं नव्हतं.

आई, तेव्हा मला तू आठवलीस. तुला दुसरीतून काढलं, शेळ्यांमागे लावलं. पण दादा चौथीत असताना ओसरीवर कविता घोकायचा आणि तू आत भाकरी थापायचीस, आणि पाठ व्हायची तुझी आधी. तो अडला की आतून ओळ यायची. तीसचा पाढाही तू असाच ऐकून उचललास. तुला कुणी शिकवायला बसलं नव्हतं. कानावर पडत होतं आणि तू घेत होतीस. माझ्या खोलीत पहिलीच्या लेकरांच्या कानावर दिवसभर पाच इयत्ता पडतात. मी ती अडचण समजत होते.

यंदा सोमवारी, १६ तारखेला शाळा उघडली. प्रवेशोत्सव होता. औक्षण केलं, पहिलीच्या दोघांच्या पावलांना कुंकवाचं पाणी लावून कागदावर ठसे घेतले. पुस्तकं पहिल्याच दिवशी हातात पडली. पहिलीचा अभ्यासक्रम यंदा नवा आहे. गेली दोन वर्षं दुसरीपासून पुढच्या पुस्तकांत वहीची कोरी पानं असायची, ती आता बंद झाली, म्हणून वह्या आणायला सांगाव्या लागल्या. इथल्या आयांना जूनमध्ये तोही खर्च जड जातो.

त्या दोघांतला मुलगा आईचा पदर सोडेना. शाळापूर्व तयारीच्या मेळाव्यात सातही टेबलांवर बिनधास्त फिरला होता, रंग ओळखले, मणी ओवले. त्या दिवशी मात्र दाराशीच बसला. मी उठणार, तोवर पाचवीतली थोरली मुलगी ताटली घेऊन त्याच्याशेजारी बसली. ताटलीत रांगोळी पसरली होती. तिनं त्याचं बोट धरून ग काढला. त्यानं पुसला. परत काढला, परत पुसला. पाचव्या वेळी त्यानं आपणच काढला, उलटा. ती म्हणाली, "आता त्याला तोंड फिरवायला सांग." त्यानं खरंच फिरवलं. मला हे सुचलं नसतं.

पण बाबा, यात एक गोष्ट मी कटाक्षानं पाळते. थोरली पोरं म्हणजे माझ्या हाताखालचे फुकटचे शिक्षक नव्हेत. घरी ती धाकटी भावंडं सांभाळतातच, शाळेतही तेच करायचं तर त्यांच्या वाट्याला पाचवी कधी येणार? म्हणून वीस मिनिटं, त्याहून जास्त नाही. मग धाकट्यांच्या हातात चित्रं, बिया, खडे देते आणि थोरल्यांना घेऊन बसते.

उरलेल्या वेळासाठी भिंतीवर शिडी काढलीय. ही कल्पना माझी नाही. आंध्रातल्या ऋषी व्हॅलीच्या लोकांनी खेड्यातल्या अशाच लहान शाळांसाठी वाचनाची नि गणिताची शिडी बसवली. पायरीपायरीची कार्डं, आणि जो तो आपल्या पायरीवर. इयत्ता कोणती हे तिथं विचारायचंच नाही. मी पुठ्ठ्याची कार्डं कापली. शिडीशेजारी दोरी बांधून प्रत्येकाच्या नावाचा कपड्याचा चिमटा लावला. पायरी जमली की चिमटा वर. तो तिसरीतला मुलगा, आता चौथीत गेलेला, दुसरीच्या पोरांबरोबर खालच्या पायरीवर आहे आणि त्याला त्याची लाज वाटत नाही. शुक्रवारी त्याचा चिमटा दोन पायऱ्या चढला. घरी जाताना तो मागे वळून दोनदा बघून गेला.

आता पावसाचं सांगते. पहिल्या आठवड्यात पाचही वर्गांना एकच विषय घेतला, पाऊस. थंड पेयाची सरळ अंगाची बाटली घेतली, मान कापून उलटी बसवली, नरसाळ्यासारखी. बूड खड्डेदार असतं म्हणून खडे घातले, त्यावर ओळीपर्यंत पाणी, ती शून्याची रेघ. बाजूला पट्टी चिकटवली. पहिलीनं थेंब काढून मोजले. दुसरीनं पावसाचे शब्द लिहिले. व्हाळ म्हणजे ओढा, साकव म्हणजे छोटा पूल, इरलं म्हणजे पावसात डोक्यावरून घ्यायचं पानांचं आच्छादन, हे मला त्यांच्याकडूनच कळलं. तिसरी रोज सकाळी साडेआठला पट्टी वाचते, चौथी आलेख काढते.

गुरुवारी ७१ मिलिमीटर भरला. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक चौरस मीटर जागेवर एक लिटर पाणी. पाचवीनं शाळेचं छप्पर पावलांनी मोजलं, अंदाजे १०० चौरस मीटर. म्हणजे एका दिवसात ७,१०० लिटर, नुसत्या छपरावर! तेव्हा एकीनं विचारलं, "बाई, तुमच्या गावाला किती पडतो?"

मी त्यांना २०१६ सांगितलं. दहावीची परीक्षा देऊन मी लातूरला मावशीकडे होते, आठ-आठ दिवस नळ नाही, आणि एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं. पहिल्या गाडीला दहा वाघिणी, म्हणजे पाण्याच्या टाकीचे डबे, एकेकीत पन्नास हजार लिटर. खोलीत कुणी हललं नाही. मग पाचवीतल्या दोघी पाटीवर खाली वाकल्या आणि म्हणाल्या, असा पाऊस सात दिवस पडला तर आपल्या छपरावरच जवळजवळ एक वाघीण भरेल. आणि पहिलीतली मुलगी, जी आपले थेंब रंगवत होती, मान वर न करता म्हणाली, "मग तुमची आई पाणी सांडायची नाही ना?"

आई, मी तिला सांगितलं, नाही सांडायची. भांडी विसळलेलं पाणीसुद्धा तू म्हशीपुढे ठेवायचीस. ती "हं" म्हणाली. दुसऱ्या दिवशी हात धुताना तिनं मगाखाली बादली सरकवली. हा धडा तिच्या पुस्तकात नाही, मी तिला दिलाही नव्हता. पाचवीचं गणित चालू होतं आणि तिच्या कानावर पडलं.

तर बाबा, तुमच्या प्रश्नाचं उत्तर हे आहे. मी पाचही वर्गांना शिकवते, आणि जे मी शिकवत नाही ते ती एकमेकांकडून ऐकतात. अजून सगळं जमत नाही. गणितात तिसरी आणि चौथी एकत्र घेताना वजाबाकीला गाडं अडतंच. पण रात्री झोप लागते.

आषाढी ६ जुलैला आहे. आईनं यंदा पंढरपूरच्या गर्दीत जाऊ नये, डोळ्याला धूळ-धक्का नको. तुमच्या गुडघ्यालाही बांधावरचा चिखल सोसायचा नाही. पगाराचे सोळा हजार वेळेवर आले की औषधाचे पाठवते.

आणि एक काम करा. तशीच बाटली आपल्या शेतातल्या आखाड्यावर उघड्यावर ठेवा, झाडाखाली नको. सकाळी साडेआठला बघून दादाला फोनवर सांगा, तो मला मेसेज करेल. पोरांनी आलेखात तुमच्यासाठी लाल खडूची दुसरी रेघ मोकळी ठेवलीय. मे महिन्यात पडून गेलेला पाऊस तिकडे परत आला की नाही, पेरणी झाली की नाही, मला ठाऊक नाही. बाटलीत काही नसलं तरी शून्य म्हणून कळवा, रोज. ती शून्यही लिहून घेतील.

तुमची लेक